फाशाला आठवण नसते

"हे स्टूल का डुगडुगतंय हो?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"जुनं झालंय ते," गणिताचे सर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचे दोन्ही कान पाळीपासून टोकापर्यंत लाल झाले.

बायको बाहेर आली. तिने स्टुलाकडे पाहिलं नाही, सरळ कानांकडे पाहिलं. "पाय कशाला कापलात?"

सरांची ही जन्मजात अडचण होती. खोटं बोलायला जीभ तयार असे, पण कान फितूर होत. त्यामुळे संसारात त्यांना आजवर एकही गोष्ट लपवता आली नव्हती. शाळेतल्या पोरांनी तर ही खूण पहिल्याच आठवड्यात हेरली होती. "सर, उद्याची चाचणी सोपी आहे ना?" असं विचारून पोरं उत्तर ऐकायला थांबत नसत. कान बघत आणि त्याप्रमाणे अभ्यासाला लागत, किंवा लागत नसत.

सरांनी निमूटपणे खिशातून फासा काढला आणि टेबलावर ठेवला. चांगला लिंबाएवढा होता. सहाही बाजू घासून गुळगुळीत केलेल्या, वर काळ्या रंगाचे ठिपके.

"पोरांना संभाव्यता शिकवायची आहे," ते म्हणाले. "नुसतं फळ्यावर लिहून डोक्यात शिरत नाही. हातात काहीतरी लागतं. आणि मागच्या बाकावरून दिसेल एवढा फासा दुकानात मिळत नाही."

"म्हणून माझं स्टूल लंगडं केलंत?"

"लाकूड छान आहे गं त्याचं. सगळ्या बाजू कशा सारख्या उतरल्यात बघ."

"मग उरलेले तीन पायही कापा. निदान तेही सारखे होतील," असं म्हणून बायको आत गेली. सरांनी फासा रुमालात गुंडाळला आणि शाळेला निघाले. तो दिवस आणि ते स्टूल दोन्ही पुढे आपल्याला महागात पडणार आहेत याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती. संभाव्यता शिकवणाऱ्या माणसालाही ती नसते.

सरांचा वर्ग व्हरांड्याच्या अगदी टोकाला होता. पूर्वी ती अडगळीची खोली होती. एकुलती एक खिडकी समोरच्या भिंतीकडे तोंड करून होती, त्यामुळे भर दुपारीही आत दिवेलागणीची वेळ वाटे. एक दिवा होता, तो लागे. पण लागण्याआधी बराच वेळ विचार करी. अशा खोलीत सरांनी गेले काही दिवस पोरांकडून नाणी उडवून घेतली होती, पिशवीतून डोळे मिटून लाल-निळे मणी काढायला लावले होते. पोरं खूश होती. आणि रोज तासाच्या शेवटी सर एकच वाक्य म्हणत, "लक्षात ठेवा, फाशाला आठवण नसते. मागच्या वेळी काय पडलं हे त्याला ठाऊक नसतं, पुढे काय पडणार हे तुम्हाला ठाऊक नसतं."

त्या दिवशीचा प्रयोग मात्र त्यांचा लाडका होता. भविष्य सांगणारे लोक कसे तयार होतात, ते त्यांना पोरांना दाखवायचं होतं.

"सगळे उभे राहा," सर म्हणाले. "मी फासा टाकायच्या आधी तुम्ही ओळखायचं. विषम पडेल असं वाटतं त्याने हात डोक्यावर ठेवायचे. सम वाटतं त्याने कमरेवर. जो चुकेल तो खाली बसेल. शेवटी जो उरेल, तो आपला ज्योतिषी!"

फासा टेबलावरून टक टक करत गेला आणि अर्धा वर्ग खाली बसला. हशा पिकला. पुन्हा टाकला, पुन्हा निम्मे बसले. असं होता होता दोघीच उभ्या राहिल्या. एक वर्गाची मॉनिटर. हिचा आवाज तीन वर्ग पलीकडे जाई. दुसरी मधल्या रांगेतली एक बारीकशी मुलगी. ती इतकी हळू बोलायची की पोरांनी तिचं नाव कुजबुज ठेवलं होतं, आणि आता हजेरी घेतानासुद्धा तेच नाव सरांच्या तोंडावर येई.

मॉनिटरने हात डोक्यावर ठेवले. कुजबुजने कमरेवर. फासा टेबलाच्या कडेपर्यंत गेला, तिथे क्षणभर एका कोपऱ्यावर उभा राहिल्यासारखा थबकला आणि कलंडला. चार.

"बघा!" सर आनंदाने म्हणाले. "हिला काही दिव्य दृष्टी आहे का? नाही! अर्धे अर्धे बसत गेले की कुणीतरी एक उरणारच. आणि बाहेरच्या माणसाला वाटणार, काय हो, हिला सगळं आधीच कळतं!"

वर्ग हसला नाही. सगळ्या माना वळलेल्या होत्या आणि सगळे कुजबुजकडे बघत होते. ती अजून तशीच उभी होती, हात कमरेवर ठेवून.

"सर," मॉनिटर म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता, "पण तीच का उरली?"

"अगं, कुणीतरी उरणारच होतं ना!"

"हो, पण तीच का?"

यावर सरांकडे उत्तर होतं आणि ते चांगलं होतं. पण त्याला फळा लागणार होता, आणि तेवढ्यात घंटा झाली. घंटा ही गणिताची जुनी वैरीण आहे.

दुसऱ्या दिवशी एका पोराची पाण्याची बाटली हरवली. त्याने सरळ कुजबुजला विचारलं. "जिन्याखाली बघ," ती म्हणाली. बाटली जिन्याखाली सापडली. त्या शाळेत हरवलेली प्रत्येक वस्तू जिन्याखालीच सापडत आली होती, पण हे कुणाला आठवलं नाही. मग मॉनिटरने विचारलं, "उद्या चाचणी होईल का गं?" कुजबुजने मान हलवली, नाही म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी सर प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढायला गेले तर झेरॉक्स मशीनने कागद गिळला आणि ते गप्प झालं.

"ते मशीन दर आठवड्याला बंद पडतं!" सर शिक्षकांच्या खोलीत तावातावाने सांगत होते. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच."

"असेलही," खेळाचे सर म्हणाले. हा आडदांड माणूस, कुणाच्या बापाला न भिणारा. "पण मी तिला सहज विचारलं, शनिवारची मॅच कोण जिंकेल. ती म्हणाली, मला नाही माहीत. म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली..." त्यांनी आवाज खाली आणला. "मी मॅच पुढे ढकलली."

अखेर मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना बोलावलं. बाई शिस्तीच्या होत्या. "तुम्ही वर्गात काय चालवलंय? पालक फाटकापाशी थांबून त्या मुलीला काहीबाही विचारायला लागलेत. परवा एकाने घर विकू का म्हणून विचारलं!"

"बाई, उद्या तुम्ही स्वतः वर्गात या. तोच प्रयोग पुन्हा करतो. आता दुसरंच कुणीतरी उरेल आणि सगळ्यांचे डोळे उघडतील."

हिशेब चोख होता. मोठ्या वर्गात तीच मुलगी दुसऱ्यांदा उरणं फार कठीण. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि वर्गातला दिवा अजून विचारच करत होता. बाई मागच्या बाकावर बसल्या. "उभे राहा," सर म्हणाले. "हात ठेवा."

कुणी हात हलवले नाहीत. सगळा वर्ग मान वळवून कुजबुजकडे बघत होता. तिने सावकाश हात डोक्यावर ठेवले. मग एकदम सगळ्यांनी डोक्यावर ठेवले.

सरांनी फासा टाकला. एक. कुणी बसलं नाही.

कुजबुजने हात कमरेवर नेले. सगळ्यांचे हात कमरेवर गेले. फासा टक टक करत गेला. सहा. कुणी बसलं नाही. पुन्हा कमरेवर. दोन. पुन्हा डोक्यावर. पाच. एक अख्खा वर्ग अर्धवट अंधारात मुकाट्याने उभा होता, सगळे हात एकदम वर जात होते आणि एकदम खाली येत होते, आणि लाकडाच्या टक टक आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. सरांनी घाईने वर पाहिलं. मागच्या बाकावर मुख्याध्यापिकाबाईही उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे हात डोक्यावर होते.

"बाई, तुम्ही सुद्धा!"

बाई दचकल्या आणि हात खाली घेऊन केस सारखे करू लागल्या. "मी आपलं... अंबाडा सुटला होता," असं म्हणून त्या जवळजवळ पळतच बाहेर गेल्या.

त्यानंतर चित्र पालटलं. आधी पोरं कुजबुजच्या मागे मागे असत, आता तिच्यापासून लांब राहू लागली. तिच्या बाकावरची मैत्रीण दुसरीकडे जाऊन बसली. मधल्या सुट्टीत तिला कुणी खेळात घेईना. "तिच्याशी कसलं खेळायचं? तिला आधीच माहीत असतं कोण जिंकणार," मॉनिटरचं म्हणणं. ती व्हरांड्यातून आली की समोरची पोरं भिंतीला चिकटून वाट देत. ती मुलगी आता कुजबुजतही नव्हती.

एक दिवस शाळा सुटल्यावर ती सरांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, मला हे नको."

"काय नको बाळ?"

"हे. तुम्हीच दिलंत ना? तुम्हीच परत घ्या." तिचे डोळे भरून आले होते. "माझ्याशी कुणी बोलत नाही. आई पण मला विचारून भाजी आणते."

सरांना फार वाईट वाटलं. आयुष्यभर त्यांनी पोरांना चुका करू नका म्हणून सांगितलं होतं, आणि समोर एक पोर चुकायला मिळावं म्हणून रडत होतं. "अगं, तुझ्याकडे काही नाहीच," ते समजावत म्हणाले. "आता इथे बघ. ओळख पाहू. चुकशील बघ लगेच."

"सम," ती म्हणाली. सहा पडले.

"हं. असं होतं. आता मनात येईल त्याच्या उलट सांग."

तिने बराच वेळ विचार केला. "मनात सम आलंय, म्हणून विषम." फासा गेला, कोपऱ्यावर थबकला, कलंडला. तीन.

कुजबुजने ओंजळीत तोंड लपवलं. तिसऱ्यांदा टाकला असता तर चुकलीही असती. दोन वेळा बरोबर येणं म्हणजे काहीच नाही, हे सर झोपेतही सांगू शकले असते. पण तिसऱ्यांदा टाकायला त्यांचा हात होईना. "उद्या," ते कसेबसे म्हणाले. "उद्या वर्गात सगळ्यांसमोर परत घेतो."

घरी ते डुगडुगत्या स्टुलावर बसून डुगडुगत विचार करत राहिले. वर्गासमोर एकदाच फासा टाकता येणार होता. ती चुकली तर सुटली. बरोबर आली तर जन्मभराची अडकली. म्हणजे अर्धी शक्यता इकडे, अर्धी तिकडे. एका पोरीचं लहानपण अर्ध्या अर्ध्यावर कसं सोडायचं? एकच मार्ग होता. फासा डब्याखाली झाकायचा, आपण एकट्याने बघायचा आणि काहीही पडलं असलं तरी ती चुकली म्हणून सांगायचं.

त्यांनी आरशासमोर उभं राहून सराव केला. "चुकलीस!" कान टोमॅटोसारखे झाले. पुन्हा केला. पुन्हा टोमॅटो.

"काय चाललंय?" बायकोने विचारलं. सरांनी सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हताच.

"मग फासा बघूच नका की," ती म्हणाली. "परवा तुम्ही शेजाऱ्यांना ठासून सांगितलंत, पाणी पाचला येणार. आलं सातला. पण तुमचे कान जागच्या जागी होते. तुम्हाला माहीतच नसलं तर कान कशाला लाल होतील?"

एवढं तर्कशुद्ध विधान सरांनी गणिताच्या पुस्तकातही वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग बसला होता. कुजबुज एकटी उभी होती. सरांनी फासा स्टीलच्या डब्यात घालून खूप वेळ खुळखुळवला आणि डबा टेबलावर पालथा घातला.

"ओळख."

तिने हात कमरेवर ठेवले. सम.

सरांनी डब्याची कड आपल्या बाजूने इंचभर उचलली, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. आत काय होतं हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. तोंडाला येईल तो आकडा सांगायचा, फक्त तिच्या उलट, म्हणजे विषम, एवढंच ठरलं होतं.

"तीन!" ते म्हणाले आणि कड खाली सोडली. "चुकलीस."

कुणीही डब्याकडे पाहिलं नाही. सगळा वर्ग सरांच्या कानांकडे बघत होता. पोरांचा फाशावर नव्हता एवढा विश्वास त्या कानांवर होता.

"पांढरे आहेत," कुणीतरी म्हणालं.

"अजिबात लाल नाहीत!" मॉनिटर किंचाळली, तीन वर्ग पलीकडे जाईल अशा आवाजात. "चुकली! कुजबुज चुकली!"

वर्गात एकच कल्ला उडाला. आणि जो चुकेल तो खाली बसेल या नियमाप्रमाणे कुजबुज खाली बसली. इतक्या दिवसांची उभी असलेली मुलगी बसावी तशी ती बसली, आणि बाकावर डोकं टेकून हसत सुटली. तिची मैत्रीण दप्तर उचलून तिच्या शेजारी परत आली. खोटं बोलण्यात एवढं पुण्य असतं हे सरांना आजच कळत होतं.

घंटा झाली. पोरं मैदानाकडे धावली. कुजबुज दारात थांबली.

"सर, घेतलंत ना परत?"

"घेतलं," सर हसून म्हणाले. पोरीचं समाधान करायला तेवढं तरी खोटं बोलायलाच हवं होतं. आता कान लाल होणार म्हणून त्यांनी पटकन मान खाली घातली. पण कुजबुजने वाकून नीट पाहिलंच.

"पांढरेच आहेत," ती मोठ्याने, अगदी स्पष्ट म्हणाली आणि मैत्रिणीमागे पळाली.

सरांनी कानांना हात लावला. कान थंडगार होते.

वर्ग रिकामा झाला होता. दिवा एकदा फडफडला आणि विझला. सरांनी डबा उचलला.

तीन.

"एक षष्ठांश," ते रिकाम्या बाकांना उद्देशून म्हणाले. "सहातून एकदा होणारच. काही विशेष नाही." बाक ऐकत होते. पडताळून पाहावं म्हणून त्यांनी फासा हातात घेतला, आणि त्यांच्या मनात पाच आला. त्यांनी तो आणला नव्हता, आपला आपण आला होता. फासा टक टक करत कडेपर्यंत गेला, कोपऱ्यावर थबकला आणि पाचवर कलंडला.

आता हात पुढे करायच्या आधीच मनात पुढचा आकडा येऊन बसला होता. सरांनी फासा डब्यात कोंबला, झाकण दाबून लावलं, डबा कपाटात टाकून कुलूप घातलं आणि मागे न बघता घरी आले.

बायको स्टूल घेऊन फळीवरची बरणी काढायला चढत होती.

"उतर!" सर दारातूनच ओरडले.

"का?"

"जुनं झालंय ते," सर म्हणाले.

बायको कुरकुरत खाली उतरली. तिचं पाऊल जमिनीला लागलं मात्र, आणि स्टुलाचा कापलेला पाय कुणी हात न लावता कडकन मोडला. स्टूल भुईवर आडवं झालं.

तिने स्टुलाकडे पाहिलं नाही. ती सरळ नवऱ्याच्या कानांकडे बघत राहिली. ते लालभडक झाले होते.